लिंडा रॉनस्टॅट आणि जुनी अमेरिकन गाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तरच्या दशकात रॉक आणि कंट्री संगीताच्या शिखरावर असलेल्या लिंडा रॉनस्टॅट यांनी 1983 ते 1986 या काळात संगीत संयोजक (गाण्यासाठी वाद्यांची रचना लिहिणारे) नेल्सन रिडल यांच्या वाद्यवृंदासह तीन अल्बम केले. त्यांत एकही नवे गाणे नव्हते. सारी गाणी त्यांच्या आईवडिलांच्या पिढीची आणि त्याही आधीची, ज्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात अशी होती. हे अल्बम नव्याने ऐकू लागलेल्या मराठी श्रोत्यांना जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

या तीन अल्बमांपूर्वी लिंडा रॉनस्टॅट कशासाठी ओळखल्या जात?

त्यांचा जन्म 15 जुलै 1946 रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टुसॉन शहरात झाला. वडिलांकडून मेक्सिकन आणि जर्मन वारसा, घरात हार्डवेअरच्या दुकानाचा व्यवसाय आणि त्याबरोबर सतत गाणे, असे त्यांचे बालपण होते. ‘स्टोन पोनीज’ या त्रिकुटातून 1967 साली त्यांचे पहिले गाजलेले गाणे आले. त्यानंतर एकटीच्या नावावर काही अल्बम झाले, पण खरे यश 1974 च्या ‘हार्ट लाइक अ व्हील’ने दिले. या अल्बममधले ‘यू आर नो गुड’ 1975 च्या सुरुवातीला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. 1977 चा ‘सिंपल ड्रीम्स’ इतका खपला की फ्लीटवुड मॅक या रॉक बँडच्या ‘रूमर्स’ला त्याने पहिल्या स्थानावरून खाली उतरवले. ज्या काळात रॉक संगीतात भल्यामोठ्या क्रीडागारांत हजारो श्रोत्यांपुढे कार्यक्रम करणाऱ्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्या काळात त्या अशा कार्यक्रमांच्या मुख्य गायिका होत्या.

एक गोष्ट येथेच सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. रॉनस्टॅट गाणी लिहीत नसत म्हटले तरी चालेल. त्यांचे सामर्थ्य दुसऱ्यांनी लिहिलेली गाणी निवडण्यात आणि ती आपलीशी करून गाण्यात होते. बडी हॉली, रॉय ऑर्बिसन, स्मोकी रॉबिन्सन यांची जुनी गाणी त्यांनी सत्तरच्या दशकात पुन्हा लोकप्रिय केली. तेव्हा 1983 साली त्यांनी आणखी काही दशके मागे जाऊन गाणी निवडली, यात पद्धत जुनीच होती. बदलला होता तो काळ आणि त्या काळाचा कस.

‘स्टँडर्ड’ म्हणजे नेमकी कोणती गाणी?

साधारणपणे 1920 ते 1950 या तीन दशकांत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीची संगीत नाटके, हॉलिवूडचे चित्रपट आणि न्यूयॉर्कचे संगीत-प्रकाशक यांच्यासाठी लिहिली गेलेली आणि पुढे असंख्य गायकांनी व वादकांनी गायली-वाजवली, म्हणून टिकून राहिलेली गाणी. अर्व्हिंग बर्लिन, जॉर्ज आणि आयरा गर्शविन, कोल पोर्टर, रिचर्ड रॉजर्स आणि लोरेन्झ हार्ट ही त्या परंपरेतली मोठी नावे. या गाण्यांचा मुख्य भाग बहुधा 32 मात्राखंडांचा (तालाच्या सारख्या लांबीच्या छोट्या तुकड्यांचा) असतो: एक चाल दोनदा, मग वेगळा मधला भाग, आणि शेवटी पुन्हा पहिली चाल. त्याआधी अनेकदा एक छोटी प्रस्तावना असते. ती बोलल्यासारखी, लयीत फारशी न बांधता गायची असते, आणि पुष्कळ गायक ती सरळ गाळून टाकतात.

आपल्याकडे भावगीत सहसा एका गायकाशी जोडलेले असते. दुसऱ्याने गायले की मूळ आवाज आधी आठवतो. स्टँडर्डचे तसे नसते. त्याची तुलना करायचीच तर नाट्यपदाशी करावी, कारण तेच पद वेगवेगळ्या पिढ्यांचे गायक आपापल्या ढंगाने गातात आणि श्रोता पदाबरोबर त्या ढंगालाही दाद देतो.

रॉक गायनात सगळे मिळाले असताना त्यांनी हे वळण का घेतले?

तीन कारणे ठळकपणे दिसतात. पहिले कारण जागेचे होते. बर्फावरच्या हॉकीसाठी बांधलेल्या प्रचंड इमारतींत गाण्याचा त्यांना कंटाळा आला होता; तेथे आवाज घुमतो, बारकावे हरवतात आणि गायकाने ओरडूनच गावे अशी अपेक्षा तयार होते. दुसरे कारण रंगभूमीचे. 1980 साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये आणि 1981 पासून ब्रॉडवेवर त्यांनी गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ या संगीतिकेत मेबल या नायिकेची भूमिका केली. ही भूमिका उंच पट्टीच्या, शास्त्रोक्त पद्धतीने तयार केलेल्या आवाजासाठी लिहिलेली आहे. रॉकमध्ये छातीतून लावलेला भरीव आवाज वापरणाऱ्या रॉनस्टॅट यांना तेथे वरच्या सप्तकातला हलका, शिरातला आवाज रोजच्या प्रयोगात टिकवावा लागला. आपल्या गळ्यात आणखी एक दालन आहे, हे त्यांना तेथे पुरते कळले, असे मानायला जागा आहे.

तिसरे कारण गाण्यांवरचे प्रेम, आणि मला तेच सर्वांत खरे वाटते. ही गाणी त्यांनी लहानपणी घरी ऐकलेली होती. ऐंशीच्या दशकापर्यंत त्यांतली बरीचशी लिफ्टमध्ये आणि दुकानांत वाजणाऱ्या बिनशब्दांच्या पार्श्वसंगीतात जमा झाली होती. त्या अवस्थेतून ती गाणी रॉनस्टॅट यांना बाहेर काढायची होती, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. बाजाराचा विचार केला असता तर हा निर्णय कोणी घेतला नसता. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख जो स्मिथ यांचा या कल्पनेला ठाम विरोध होता. आपल्या सर्वांत यशस्वी गायिकेने ऐन भरात असताना आजीआजोबांची गाणी गावीत, हे त्या व्यवसायातल्या कोणालाही धाडस वाटले असते.

रिडल यांच्याआधी त्यांनी असा प्रयत्न केला होता का?

होय. गायिका अरेथा फ्रँकलिन यांच्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रणांचे निर्माते जेरी वेक्सलर यांच्याबरोबर 1981 मध्ये त्यांनी छोट्या जॅझ संचासह काही स्टँडर्ड ध्वनिमुद्रित केली. परिणाम मनासारखा न वाटल्याने तो अल्बम बाजूला ठेवला गेला. मात्र तेथेच न थांबता त्यांनी आपले नेहमीचे निर्माते आणि व्यवस्थापक पीटर ॲशर यांच्याकडे पुन्हा तोच विषय काढला, आणि या वेळी नाव निघाले नेल्सन रिडल यांचे.

नेल्सन रिडल कोण होते?

1921 साली न्यू जर्सीत जन्मलेले रिडल मूळचे ट्रॉम्बोनवादक. तरुणपणी ते टॉमी डॉर्सी यांच्या वाद्यवृंदात वाजवत. पुढे कॅपिटल रेकॉर्ड्समध्ये त्यांनी गायक नॅट किंग कोल यांच्यासाठी संयोजन केले, आणि 1953 पासून गायक फ्रँक सिनात्रा यांच्याबरोबर केलेल्या कामाने त्यांचे नाव कायमचे झाले. 1955 चा ‘इन द वी स्मॉल अवर्स’, 1956 चा ‘साँग्ज फॉर स्विंगिन लव्हर्स’ आणि 1958 चा ‘ओन्ली द लोनली’ हे सिनात्रांचे अल्बम रिडल यांच्या संयोजनाशिवाय कल्पनेतही आणता येत नाहीत. जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड यांनी 1959 साली गायलेला गर्शविन बंधूंच्या गाण्यांचा भलामोठा संचही त्यांचाच.

गायकाला श्वास घ्यायला जागा देणे, हे त्यांच्या लेखणीचे वैशिष्ट्य. शब्द चालू असताना वाद्ये मागे सरकतात. ओळ संपली की त्या मोकळ्या जागेत बासरी, एखादे पितळी फुंकवाद्य किंवा तंतुवाद्यांचा पुंजका एक लहानसे वाक्य बोलून जातो. 1974 च्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना ऑस्कर मिळाले होते, तरी रॉकच्या युगात त्यांच्यासारख्या संयोजकाला पूर्वीची मागणी उरली नव्हती. रॉनस्टॅट यांना सुरुवातीला त्यांच्याकडून दोन-चार गाणीच करून घ्यायची होती. रिडल यांनी मात्र आपण सुटी गाणी करत नाही, अल्बम करतो, असे कळवले. या कलेचा विचार केला तर तो आग्रह रास्तच होता. एका संपूर्ण अल्बमचा भाव, क्रम आणि गती यांची आखणी करण्यातच त्यांची खरी ताकद होती.

‘व्हॉट्स न्यू’ या पहिल्या अल्बममध्ये काय आहे?

सप्टेंबर 1983 मध्ये आलेल्या या अल्बममध्ये फक्त नऊ गाणी आहेत, आणि जवळजवळ सगळी संथ आहेत. सर्वांत जुने गाणे अर्व्हिंग बर्लिन यांचे 1923 चे ‘व्हॉट विल आय डू’. गर्शविन बंधूंची दोन आहेत. ‘लव्हर मॅन’ आणि ‘क्रेझी ही कॉल्स मी’ ही दोन जॅझ गायिका बिली हॉलिडे यांच्या आवाजाशी जोडलेली आहेत. शेवटचे गाणे गॉर्डन जेन्किन्स यांचे ‘गुडबाय’. बेनी गुडमन यांचा वाद्यवृंद कार्यक्रमाची सांगता त्याच गाण्याने करत असे.

या यादीत एक जुळणी आहे आणि ती लक्षात आली की अल्बम वेगळाच ऐकू येतो. शीर्षकगीत, ‘गेस आय विल हँग माय टिअर्स आउट टु ड्राय’ आणि ‘गुडबाय’ ही तिन्ही गाणी रिडल यांनी 1958 साली सिनात्रांच्या ‘ओन्ली द लोनली’साठी आधीच संयोजित केली होती. गर्शविन बंधूंची दोन्ही गाणी त्यांनी 1959 मध्ये एला फिट्झजेराल्ड यांच्यासाठी केली होती. म्हणजे नऊपैकी पाच गाण्यांशी त्यांचा पाव शतकापूर्वीचा संबंध होता, आणि तोही त्या काळच्या दोन सर्वश्रेष्ठ गळ्यांच्या निमित्ताने. ती सावली डोक्यावर असताना छत्तिशी-सदतिशीतल्या एका रॉक गायिकेने ही गाणी उचलावीत, हे सोपे नव्हते. सिनात्रांच्या आवाजात या गाण्यांतला एकटेपणा रात्री उशिरा बारमध्ये बसलेल्या पुरुषाचा होता. रॉनस्टॅट यांच्या आवाजात तो अधिक उघडा, अधिक तरुण होतो. त्यात थकवा कमी आणि आशा जास्त आहे.

शीर्षकगीताकडे जरा थांबून पाहावे. बॉब हॅगार्ट यांची चाल आधी तयार झाली आणि जॉनी बर्क यांनी तिच्यावर 1939 मध्ये शब्द लिहिले. दोन जुने प्रेमिक अवचित भेटतात आणि त्यांतला एक जण दुसऱ्याची ख्यालीखुशाली विचारतो, एवढाच प्रसंग. सगळे गाणे शिष्टाचाराच्या बोलण्यात जाते: काय नवीन, तू कसा दिसतोस, पुन्हा भेटून बरे वाटले. मनातले खरे ते अगदी शेवटच्या ओळीत बाहेर पडते. चालीतली गंमत अशी की मधल्या भागासाठी वेगळी चाल केलेलीच नाही. पहिलीच चाल चार स्वर वर उचलून, म्हणजे जणू मध्यमाला षड्ज मानून, पुन्हा मांडली आहे. तेच बोलणे, पण ताण वाढलेला. रॉनस्टॅट या ठिकाणी आवाजाचा जोर वाढवू शकल्या असत्या, कारण तो त्यांच्या हातचा मळ होता. त्या तसे करत नाहीत. स्वर वर जातो, आवाज मात्र तसाच आवरलेला राहतो, आणि त्यामुळे शेवटच्या कबुलीसाठी काहीतरी शिल्लक उरते.

‘समवन टु वॉच ओव्हर मी’मध्ये त्यांनी सुरुवातीची प्रस्तावनाही गायली आहे. ती ऐकल्यावरच पुढच्या प्रसिद्ध ओळींचा संदर्भ पूर्ण लागतो. अशी प्रस्तावना न गाळणे ही गीतकाराविषयीची आस्था आहे, असे मी मानतो.

मुखपृष्ठावर त्यांच्या कानाला हेडफोन का आहेत?

चमकदार सॅटिनवर जुन्या धाटणीचा पोशाख घालून पहुडलेल्या रॉनस्टॅट, आणि जवळ त्या काळी नवा असलेला वॉकमन, असे ते छायाचित्र आहे. अल्बमची भूमिका त्यात चोख उतरली आहे: गाणी तेव्हाची, ऐकणारी आजची.

हा अल्बम खरोखर इतका खपला का?

खपला, आणि कोणाच्याही अंदाजाबाहेर खपला. अमेरिकेतील बिलबोर्ड या संगीत-साप्ताहिकाच्या अल्बम यादीत तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. तेव्हा त्याच्या वर मायकल जॅक्सन यांचा ‘थ्रिलर’ आणि लायोनेल रिची यांचा ‘कान्ट स्लो डाउन’ होते, हे पाहिले की त्या तिसऱ्या क्रमांकाचे वजन कळते. तो 81 आठवडे यादीत राहिला आणि अमेरिकेतच त्याच्या तीस लाखांहून अधिक प्रती गेल्या. शीर्षकगीताच्या संयोजनासाठी रिडल यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. वयाच्या साठीनंतर त्यांच्या नावाला पुन्हा मागणी आली, आणि या साऱ्या प्रकरणातली ही सर्वांत समाधानाची बाब आहे.

रॉनस्टॅट या जॅझ गायिका नव्हेत, ही टीका योग्य आहे का?

टीकेतले निरीक्षण योग्य आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. जॅझ गायक चालीशी खेळतो, शब्द तालाच्या मागेपुढे टाकतो, प्रत्येक वेळी काहीतरी नवे करतो. बिली हॉलिडे एखादी ओळ इतकी मागे रेंगाळवत की ती सुटते की काय असे वाटावे. रॉनस्टॅट तसे करत नाहीत. त्या चाल जशी लिहिली आहे तशी, स्वच्छ आणि सरळ गातात, आणि आपण जॅझ गायिका असल्याचा दावाही त्यांनी केला नाही. पण ही गाणी जॅझची होण्यापूर्वी रंगमंचाची होती. लिहिलेली चाल आणि लिहिलेले शब्द यांवर विश्वास ठेवून गाणे, हीही त्यांची एक जुनी आणि प्रामाणिक रीत आहे.

खरा आक्षेप घ्यायचा तर गतीवर घ्यावा. पहिल्या अल्बममध्ये संथ गाण्यांमागून संथ गाणी येतात, आणि एका बैठकीत ऐकताना मधल्या दोन-तीन गाण्यांचे चेहरे एकमेकांत मिसळतात. दुसऱ्या अल्बममध्ये ही उणीव भरून निघाली आहे.

‘लश लाइफ’ आणि ‘फॉर सेन्टिमेंटल रीझन्स’ हे पुढचे अल्बम कसे आहेत?

नोव्हेंबर 1984 मध्ये आलेला ‘लश लाइफ’ माझ्या मते तिन्हींत सरस आहे. येथे गाण्यांच्या गतीत चढउतार आहेत, हलकीफुलकी गाणी आहेत, आणि गायिकेला आता वाद्यवृंदाबरोबर वावरण्याची सवय झालेली जाणवते. शीर्षकगीत बिली स्ट्रेहॉर्न यांनी विशीत पाऊल टाकण्यापूर्वीच लिहायला घेतले होते. त्यातले स्वर अपेक्षित ठिकाणी जातच नाहीत; आधारस्वर पायाखालून सतत सरकत असतो. 1958 च्या ‘ओन्ली द लोनली’च्या वेळी सिनात्रांनी हे गाणे ध्वनिमुद्रित करायला घेतले आणि अर्ध्यावर सोडून दिले. रॉनस्टॅट यांनी तेच गाणे त्याच संयोजकाबरोबर पूर्ण केले, एवढेच नव्हे तर अल्बमला त्याचे नाव दिले. त्या गाण्याने रिडल यांना आणखी एक ग्रॅमी मिळवून दिले. हा अल्बम यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत पोहोचला.

तिसरा अल्बम सप्टेंबर 1986 मध्ये आला आणि त्याला पूर्वीच्या तुलनेत कमी यश मिळाले. लोकांचे कुतूहल ओसरले होते. ‘माय फनी व्हॅलेंटाइन’, ‘बिविच्ड, बॉदर्ड अँड बिविल्डर्ड’ अशी अतिपरिचित गाणी त्यात आहेत आणि गायन तिन्हींत सर्वांत मोकळे आहे.

तिसरा अल्बम रिडल यांनी पूर्ण केला होता का?

नाही. 6 ऑक्टोबर 1985 रोजी, काम चालू असतानाच, त्यांचे निधन झाले. त्यांची संयोजने लिहून तयार होती. उरलेल्या ध्वनिमुद्रणात वाद्यवृंदाचे संचालन टेरी वुडसन यांनी केले. ‘लश लाइफ’चे ग्रॅमी रिडल यांना मरणोत्तर मिळाले. पुढे तिन्ही अल्बम ‘राउंड मिडनाइट’ या नावाने एकत्रही प्रसिद्ध झाले.

पॉप किंवा रॉक गायकाने स्टँडर्ड गाण्याची ही पहिलीच वेळ होती का?

नव्हती. रिंगो स्टार यांनी 1970 मध्ये, हॅरी निल्सन यांनी 1973 मध्ये आणि विली नेल्सन यांनी 1978 च्या ‘स्टारडस्ट’मध्ये हे केले होते. विली नेल्सन यांचे यश तर फार मोठे होते, पण त्यांनी ही गाणी आपल्या कंट्रीच्या घरात आणली. रॉनस्टॅट उलट दिशेने गेल्या: पूर्ण वाद्यवृंद, मूळ काळातला संयोजक आणि मूळ धाटणी त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली. पुढे नॅटली कोल यांनी 1991 मध्ये वडील नॅट किंग कोल यांची गाणी गायली, 2002 पासून रॉड स्टुअर्ट यांची मालिका सुरू झाली, लेडी गागा यांनी 2014 मध्ये ज्येष्ठ गायक टोनी बेनेट यांच्याबरोबर अल्बम केला, आणि 2015 मध्ये बॉब डिलनही याच वाटेवर आले. आज उतारवयातल्या पॉप गायकाने स्टँडर्ड गाणे हा जवळपास रिवाज झाला आहे. रॉनस्टॅट यांनी ते कारकिर्दीच्या मध्यान्ही केले, हा फरक लहान नाही.

त्यानंतर त्या रॉककडे परतल्या का?

काही प्रमाणात. पण 1987 मध्ये आलेल्या ‘कान्सिओनेस दे मी पाद्रे’ या पारंपरिक मेक्सिकन गाण्यांच्या अल्बमने आणखी मोठे आश्चर्य घडवले. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतल्या अल्बमांत अमेरिकेत त्याच्याइतका खप क्वचितच कोणाला लाभला. त्याच वर्षी कंट्री गायिका डॉली पार्टन आणि एमिलू हॅरिस यांच्याबरोबरचा ‘ट्रिओ’ही आला. रिडल यांच्याबरोबरच्या अल्बमांनी एक गोष्ट सिद्ध केली होती: या गायिकेचा श्रोता तिच्यामागून अनोळखी मुलखात यायला तयार आहे. 2004 मध्ये ‘हमिन टु मायसेल्फ’ या अल्बममध्ये त्या स्टँडर्डकडे पुन्हा वळल्या, या वेळी छोट्या जॅझ संचासह.

त्या आजही गातात का?

नाही. त्यांचा शेवटचा कार्यक्रम 2009 मध्ये झाला. आजारामुळे आता आपल्याला गाता येत नाही, हे त्यांनी 2013 मध्ये जाहीर केले. तेव्हा निदान पार्किन्सन्सचे होते. पुढे तो मेंदूचा तशाच लक्षणांचा दुसरा, दुर्मीळ आजार असल्याचे स्पष्ट झाले. 2014 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

नवीन श्रोत्याने सुरुवात कोठून करावी?

आधी ‘यू आर नो गुड’ ऐकावे, म्हणजे मूळ आवाजाची ताकद कळेल. मग लगेच ‘व्हॉट्स न्यू’चे शीर्षकगीत. त्यानंतर सिनात्रांचे 1958 चे तेच गाणे लावून रिडल यांनी दोन गळ्यांसाठी वाद्यवृंद कसा वेगळा बेतला आहे, याकडे कान द्यावा. संपूर्ण अल्बम ऐकायचा झाल्यास ‘लश लाइफ’ने आरंभ करावा आणि पहिला अल्बम नंतर, तीन-तीन गाण्यांच्या बैठकींत ऐकावा. हेडफोन चांगले असतील तर ओळींच्या मधल्या जागांत चाललेले रिडल यांचे काम अधिक स्पष्ट ऐकू येते.